नाक्यावर अंथरलेली जमीन

"जाळून टाक," गुणवंतराव म्हणाले, आणि मुखरू सुताराच्या हातातली लोखंडी सब्बल होती तिथेच थांबली.

माजघराची अर्धी जमीन उखडून झाली होती. नांदगूरच्या या घरात माजघराला शेणामातीची जमीन नव्हती, फळ्यांची होती. तीस वर्षांपूर्वी गुणवंतरावांच्या वडिलांनी वाळवीला आणि उंदरांना कंटाळून दगडांवर सागाच्या कड्या, म्हणजे आडव्या तुळया, टाकल्या आणि कड्यांवर छत्तीस फळ्या ठोकून घेतल्या. ठोकणारा मुखरूचा बाप होता, आणि खिळे हातात देणारा मुखरू. तेव्हा त्याला नुकतं मिसरूड फुटत होतं. आता मिशा पांढऱ्या झाल्या होत्या.

"जाळून टाक म्हंजे?" त्याने विचारलं.

"म्हंजे चुलीत घाल. बैशाखात लगन आहे, रांधायले लाकूड लागनच. परवा वरोऱ्याहून शहाबादी फरशीच्या बंड्या येऊन राह्यल्या. मले आंगन साफ पायजे."

"मालक, साग आहे हा. एका फळीले कीड नाई."

"झिजला ना पर! जावई नागपूरचा आहे, मुखरू. त्याले काय फळ्यावर बसवू?"

मालगुजारी, म्हणजे गावाची जमीनदारी, जाऊन चार वर्षं झाली होती, पण मालगुजाराचा आवाज काही गेला नव्हता. गुणवंतराव अजूनही नोकराशी बोलताना समोरच्या भिंतीकडे पाहून बोलत. मुखरूने सब्बल खाली ठेवली. बापाच्या हातची जमीन चुलीत जाणार हे ऐकून त्याच्या कानशिलाची शीर उडायला लागली होती. तरी तो शांतपणे म्हणाला, "मले द्या या फळ्या. येरमटोल्याच्या शाळेले नेतो."

येरमटोला हा नांदगूरपासून तीन कोसांवरचा, जंगलातला गोंडांचा टोला, लहानशी वस्ती. तिथे शाळा म्हणजे कुडाची एक खोली. खालची जमीन उंदरांनी पोखरलेली. दिवाळीच्या आधी एका सकाळी पोरं पाढे म्हणत बसली असताना एका बिळातून मण्यार निघाली आणि इसरूच्या मंगलीच्या पाटीवरून सरपटत पलीकडच्या बिळात शिरली. चावली कोणालाच नाही. पण दुसऱ्या दिवसापासून एकोणीस पोरांची चार पोरं झाली. बिळं बुजवली की आठ दिवसांत नवी होत. दादाजी मास्तरांना वरून सांगणं आलं होतं की होळीपर्यंत पोरं परत आली नाहीत तर शाळा दुसऱ्या गावी हलेल. मास्तर घरोघरी फिरले. प्रत्येक घरी एकच उत्तर मिळालं, जमीन बदला, मग पोरं पाठवतो. शाळेची खिडकी बसवायला मुखरू गेला होता, तेव्हा मंगलीचा बाप इसरू त्याला हेच म्हणाला होता. मुखरूने तिथल्या तिथे सांगून टाकलं होतं, "मी पाहतो."

गुणवंतराव हसले. "गोंडाच्या पोट्ट्याईले सागाची जमीन! ने बापा, ने. पर परवाच्या आत."

"एक चिठ्ठी द्या मंग. रस्त्यात नाका आहे."

"चिठ्ठी काहाले पायजे? माहं नाव सांग."

मुखरूने फळ्या एकेक करून उचलल्या. उचलताना त्या कोणत्या क्रमाने निघाल्या तशाच अंगणात रचल्या. याला कारण होतं. हाताच्या करवतीने चिरलेल्या ओंडक्याची फळी कधी दोन्ही टोकांना सारखी नसते. बुडाकडे रुंद, शेंड्याकडे अरुंद. म्हणून जुने सुतार एका फळीचं बूड आणि शेजारच्या फळीचा शेंडा असं उलटसुलट लावत, आणि मग वाकसाने एकीची कड दुसरीच्या कडेला जुळेपर्यंत तासत बसत. अशी जमीन एकदा बसली की प्रत्येक फळीला तिची शेजारीण ठरलेली. दुसरीच्या अंगाला ती लागत नाही, मध्ये बोटभर फट राहते.

इथवर मुखरूने सगळं नीट केलं. मग त्याने एक चूक केली, आणि ती चूक फक्त चांगला सुतारच करू शकतो.

भिंतीकडची टोकं थोडी कुजली होती. त्याने ती चार-चार बोटं कापून टाकली. वरची बाजू झिजलेली आणि डागाळलेली, म्हणून फळ्या पालथ्या घातल्या आणि पोटाची बाजू रंधून काढली. दोन दिवस रंधा चालला. मुखरूने फळ्या आपल्या घरी आणल्या होत्या, तिथल्या अंगणात भुशाचा ढीग झाला.

"काहाले येवढं घासून राह्यले?" त्याची बायको रुखमाबाई म्हणाली. "पोट्टे बसतीन, वरात नाई बसून राह्यली तिथी."

"पोट्ट्याईच्या मांडीले कुसळ टोचन."

"त्याईच्या मांड्या तुमच्या रंध्याहून टनक आहेत."

जुना साग रंधला की आतून हळदीसारखा रंग निघतो आणि कालच तोडल्यासारखा वास सुटतो. मुखरू त्या फळ्यांवरून हात फिरवत राहिला. कापलेली टोकं रुखमाबाईने चुलीत घातली. त्याच टोकांवर जुन्या मालगुजारीच्या हातोड्याचा शिक्का उमटलेला होता. जंगलातून कायद्याने निघालेल्या लाकडाची तीच एक खूण असते. दोन दिवस त्या शिक्क्यांवर मुखरूच्या घरच्या भाकरी भाजल्या, आणि ते कोणाच्याही ध्यानात आलं नाही.

इसरू बंडी घेऊन आला. छत्तीस फळ्या, रंधलेली बाजू वर करून, दोघांनी दोराने बांधल्या आणि उन्हं चढायच्या आत निघाले.

सावरदंडला जंगलखात्याच्या नाक्यावर आडवा बांबू होता आणि बांबूपाशी बिरजू नाकेदार. खाकी कोट, पायात चपला, तोंडात पान. बंडी दिसताच तो उठला. फळ्यांवरून नजर फिरली तसा पान चघळायचा थांबला.

"पास?"

"पास कशाचा, साहेब? जुन्या फळ्या आहेत. गुणवंतरावाच्या माजघराची जमीन निघाली, थे शाळेले नेऊन राह्यलो."

"जुन्या?" बिरजूने एका टोकावर अंगठा घासला. अंगठ्याला पिवळा भुसा लागला. तो त्याने मुखरूच्या नाकापुढे धरला. "ये जुना आहे? कालचा कटा माल आहे हा. शिक्का कुठी आहे?"

त्या क्षणी मुखरूला चूल आठवली.

"टोकावर होता," तो म्हणाला. "टोकं कुजली म्हनून कापली. पलटवून पाहा ना, खालची बाजू पाहा."

एक फळी पालथी केली. खालची बाजू काळपट, गुळगुळीत, पायांनी घासलेली. बिरजूने पाहिलं न पाहिल्यासारखं केलं.

"काजळी आनि तेल फासून आनता तुम्ही लोक. मी नवा नाई या जंगलात."

"तेल फासलं असतं तं दोनी बाजूनं फासलं असतं. एक बाजू रंधून तुले दाखवाले आनली असती का?"

"तुले?" बिरजूचा आवाज चढला. "कोनाले तुले म्हंतो रे?"

तेवढ्यात मागून एका ठेकेदाराचा ट्रक आला, वर ताडपत्री, मागे ओंडक्यांची ओली टोकं बाहेर निघालेली. बिरजूने न विचारता बांबू उचलला. ड्रायव्हरने हात हलवला, याने हात हलवला, ट्रक गेला. बांबू पुन्हा खाली आला. इसरूने मुखरूकडे पाहिलं. मुखरूने दात आवळले.

मग बिरजू जवळ आला आणि आवाज बारीक करून म्हणाला, "हे पाय मिस्त्री. मधातल्या चार फळ्या चांगल्या रुंद आहेत. त्या उतरव. मले तखत बनवाचं आहे. बाकी घेऊन जाय, मी पाह्यलंच नाई."

"चार दे भाऊ," इसरू हळूच म्हणाला. "बत्तीस तं बत्तीस. जाऊ."

आणि कोणीही असाच विचार केला असता. पण या फळ्या अशा नव्हत्या. मधल्या चार काढल्या की दोन्हीकडच्या एकमेकींना लागणार नाहीत, जमिनीत भोक पडेल, आणि साप भोकातूनच येतो. शिवाय मुखरूच्या डोक्यात आता तो ट्रक गेला होता.

"एक फळी देत नाई," तो म्हणाला. "येक ढलपीबी देत नाई."

"मंग सगळ्या ठेव."

छत्तीस फळ्या नाक्याच्या आवारात उतरल्या. बिरजूने कागद भरला, नाव विचारलं, बापाचं नाव विचारलं, आणि विनापरवाना सागवान नेताना पकडला असं लिहिलं. लिहिताना तो मोठ्याने वाचत होता. रस्त्याने दोन बाया डोक्यावर भारे घेऊन जात होत्या, त्या थबकून ऐकत राहिल्या.

"बुधवारी रेंजर साहेब येतीन," बिरजू म्हणाला. "माल सरकारजमा होईन. तुले बोलावनं येईन."

मुखरू तसाच नांदगूरला चालत परत गेला आणि थेट गुणवंतरावांच्या ओसरीवर उभा राहिला. फरशीच्या बंड्या आल्या होत्या. दोन माणसं पाण्याने फरशी धूत होती.

"मालक, दोन ओळी लिवून द्या. फळ्या तुमच्या घरच्या होत्या येवढंच."

गुणवंतरावांनी नाक्याची हकिगत ऐकली आणि पहिल्यांदाच मुखरूच्या तोंडाकडे पाहिलं. त्यांच्या घराच्या नव्या आढ्याला लागलेला साग कुठून आला, हे गावात कोणी विचारत नव्हतं. जंगलखात्याच्या कागदावर आपलं नाव पडलं तर विचारतील.

"मी तं तुले जाळ म्हनलं होतं," ते म्हणाले.

"हो."

"मंग? जाळलं असतंस तं ही भानगड झाली असती का? मी फळ्या कोनाले देल्या नाई. तू नेल्या."

ओसरीच्या पायरीवर मुखरूचं पागोटं काढून ठेवलेलं होतं, ते त्याने उचललं, झटकलं आणि डोक्याला बांधलं. बांधताना ते दोनदा सुटलं.

घरी रुखमाबाईने पान वाढलं. तो जेवला नाही. "आता सोडा ना," ती म्हणाली. "दुसऱ्याच्या फळ्या, दुसऱ्याचे पोट्टे. तुमच्या बापाचं काय गेलं?"

"माह्या बापाचंच गेलं," मुखरू ओरडला. इतक्या मोठ्याने की बाहेर बांधलेली गाय उठून उभी राहिली. मग त्याला बायकोवर ओरडल्याची लाज वाटली, आणि त्या लाजेचाही राग आला. सगळ्यात जास्त राग त्याला स्वतःच्या रंध्याचा आला. त्याने जुन्याचं नवं केलं होतं, आपल्या हाताने, आवडीने. चोरासारखा दिसणारा माल त्याने स्वतःच बनवला होता. आता जुनं आहे हे सिद्ध कसं करायचं?

दोन दिवस तो त्याच्यावरच विचार करत राहिला.

बुधवार हा सावरदंडच्या बाजाराचा दिवस. सकाळपासून नाक्यावरून माणसांची रीघ. मुखरू आणि इसरू पोचले तेव्हा रेंजर साहेबांची जीप उभी होती आणि साहेब खुर्चीवर बसून चहा पीत होते. मध्यम वयाचे, चष्मा, आवाज थकलेला. पुढे आवारात फळ्यांचा ढीग होता.

"हाच तो, साहेब," बिरजू म्हणाला.

"तुझ्यापाशी पास आहे?" साहेबांनी विचारलं.

"नाई."

"शिक्का?"

"नाई. जळला."

"मग बोलण्यासारखं काय राहिलं?"

"बोलत नाई, साहेब. दाखवतो. मले अर्धा घंटा द्या. ही जमीन आहे. मी ती तुमच्यासमोर टाकून दाखवतो. चोरीच्या फळ्या येकमेकाले लागत नाईत. जमिनीच्या लागतात."

साहेबांनी घड्याळ पाहिलं, चहाचा घोट घेतला आणि हात हलवला. आवार लहान आणि खडबडीत होतं. सपाट जागा एकच, रस्ता. मुखरूने ढिगातली पहिली फळी उचलली आणि बांबूच्या पुढे रस्त्यावर आडवी ठेवली, जुनी बाजू वर करून.

"ए! रस्ता बंद करतो का?" बिरजू धावला.

"साहेबांनं अर्धा घंटा देला," मुखरू वर न पाहता म्हणाला. "इसरू, दुसरी आन. थे नाई. थिच्या खालची."

ढीग उलटापालटा झाला होता, पण मुखरूला फळी ओळखायला कड पुरत होती. कडेवरून बोट फिरवायचं, हिची कूस कुठे बाहेर आली आहे, कुठे आत गेली आहे, आणि तशीच शेजारीण शोधायची. बूड, शेंडा, बूड, शेंडा. एकेक फळी खाली ठेवून तो तळव्याने ढकलायचा आणि ती शेजारणीला टक् करून लागायची. मध्ये सुई जाणार नाही इतकी. बाजाराला चाललेली माणसं थांबली. मागे बंड्या थांबल्या. एक ट्रक येऊन थांबला आणि हॉर्न वाजवायला लागला.

"वाजव," मुखरू म्हणाला. "आज तूबी थांब."

लोक हसले. साहेब खुर्चीवरून उठून बांबूपाशी आले होते.

सोळा फळ्या लागल्या. सतरावी सापडेना. मुखरूने ढिगातल्या राहिलेल्या सोळाही चाचपून पाहिल्या. मग तो थांबला. त्याने हाताने मोजून जागा सोडली, चार फळ्यांची, आणि पुढची एकविसावी ठेवली. तिच्यापासून पुन्हा टक् टक् करत शेवटपर्यंत जमीन लागत गेली. छत्तिसावी बसली आणि तो कंबर धरून उभा राहिला.

रस्त्यावर माजघर अंथरलं होतं. कुठे पाय घासून घासून वाट पडली होती, ती एका फळीवरून दुसरीवर न तुटता जात होती. खांबाचे चौकोन उमटले होते. तेलाचा एक मोठा डाग तीन फळ्यांवर अखंड पसरला होता. आणि मधोमध, जिथे चार फळ्या नव्हत्या, त्या भोकाच्या दोन्ही काठांवर एका वर्तुळाचे दोन तुकडे दिसत होते, जणू कोणी गोल भाकरीचा मधला पट्टा कापून नेला होता.

"हे काय आहे?" साहेबांनी विचारलं.

मुखरूने तोंड उघडण्याआधी गर्दीतून एक म्हातारी बाई टोपली सावरत पुढे आली. नांदगूरची गुणाबाई. गुणवंतरावांच्या घरी दळण दळून जिचे केस पिकले होते.

"जातं होतं वो माय इथी," ती म्हणाली. "माहं जातं." तिने टोपली खाली ठेवली, फळ्यांवर चालत गेली आणि भोकाच्या काठाशी बैठक मारून बसली. एक पाय दुमडला, दुसरा लांब केला. लांब केलेल्या पायाची टाच फळीतल्या एका खळग्यात जाऊन बसली, वाटीत सुपारी बसावी तशी. "हे पाहा. बावीस वर्सं याच्यात टाच टेकवली मी. पर माहं अर्धं जातं कोनं नेलं?"

कोणी हसलं नाही. साहेबांनी गुणाबाईच्या टाचेकडे पाहिलं, मग वर्तुळाकडे, मग बिरजूकडे.

"किती फळ्या जप्त केल्या होत्या?"

बिरजूचं पान तोंडातच राहिलं. "बत्तीस, साहेब."

"कागद आण."

कागदावर छत्तीस होत्या. त्याच्याच हातच्या. मुखरूला ऐकवायला त्याने मोठ्याने वाचत लिहिलेल्या.

साहेब नाक्याच्या मागच्या खोलीकडे चालू लागले. मुखरू मागे गेला. खोलीत नवं तखत होतं, वर वाकळ अंथरलेली. साहेबांनी छडीच्या टोकाने वाकळ बाजूला केली. खालून वाकून पाहिलं तर फळ्यांच्या जुन्या बाजूवर त्या वर्तुळाचा मधला पट्टा होता. फळ्या हातभर कापून आखूड केल्या होत्या आणि तखताला ठोकल्या होत्या, वाकडे खिळे मारून.

मुखरूने ते वाकडे खिळे पाहिले आणि त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं. रागाचं.

"याच्यावर झोपला का रे तू?" तो बिरजूला म्हणाला. "दोन दिवस झोपला, आनि मले चोर म्हनून लिवलं?"

साहेब खोलीबाहेर आले. त्यांचा आवाज आणखी थकला होता. त्यांनी कारकुनाला बोलावून दोन ओळी लिहायला सांगितल्या आणि कागद मुखरूपुढे केला. "सही कर आणि माल घेऊन जा. खटला काढून टाकतो."

मुखरू चौथीपर्यंत शिकलेला होता. त्याने कागद उन्हात धरून एकेक अक्षर लावत वाचला. "माल पूर्ण मिळाला. तक्रार नाही."

"पूर्न नाई मिळाला. आनि तक्रार आहे."

"हे बघ," साहेब म्हणाले, "मी त्याच्याकडे पाहीन. वरती बोलेन. कागदावर आलं की चौकशी लागते, तुलाही फेऱ्या पडतील. तुला फळ्या हव्या होत्या ना? घे."

"चाल ना भाऊ," इसरू म्हणाला. "भेटल्या ना. होळी दहा दिवसावर आहे."

मुखरू रस्त्यावर गेला आणि जमिनीच्या मधोमध, भोकाच्या काठावर उभा राहिला. मागे आता चार बंड्या आणि दोन ट्रक अडले होते.

"मले चोर लिवताना दोन बाया ऐकून राह्यल्या होत्या," तो म्हणाला. "त्याईनं गावात जाऊन सांगितलं. माही बायको दोन दिवस पान्याले गेली नाई. आता तक्रार नाई म्हनून सही करू? लिवा साहेब. छत्तीस धरल्या, बत्तीस साबूत, चार कापल्या. कोनं कापल्या थे लिवा. नाई लिवलं तं मी या जमिनीवरून उतरत नाई. घाला ट्रक अंगावरून."

"लिवा जी!" गर्दीतून कोणीतरी म्हणालं. मग दुसरा म्हणाला. ट्रकचा ड्रायव्हरही खाली उतरून उभा होता, तोही म्हणाला, कदाचित त्याला फक्त घरी जायचं असेल.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग स्वतःच जीपवर कागद टेकवून लिहिलं. कोणी कापल्या तेही लिहिलं. मुखरूने वाचलं, पुन्हा वाचलं, आणि सही केली. रेघ जाड उमटली, निब कागदात रुतली.

फळ्या उचलायला बिरजूनेही हात पुढे केला.

"दूर हो," मुखरू म्हणाला. "याले तू हात लावाचा नाई."

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत येरमटोल्याच्या शाळेत बत्तीस फळ्या बसल्या. जुनी बाजू वर ठेवून. मुखरूने रंधलेली बाजू खाली घातली आणि त्याबद्दल कोणाला काही सांगितलं नाही. तखताच्या चार फळ्याही बसवल्या, पण त्या आखूड पडल्या, भिंतीशी हातभर भोक उरलं. दादाजी मास्तर म्हणाले, तिथे माती भरू. मुखरू म्हणाला, मातीच भरायची होती तर मी कशाला आलो?

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने आपल्या गोठ्याचं दार काढलं. सागाचंच होतं. त्याचे चार तुकडे केले, रंधून साफ केले आणि खांद्यावर घेऊन चालत निघाला. रुखमाबाईने दारात उभं राहून सगळं पाहिलं आणि ती म्हणाली, "आज रात्री बिबट आला तं गायीपाशी तुम्ही झोपा." पण भाकरी बांधून दिली.

नाक्यावर बिरजूच होता. चौकशी लागेल, बदली होईल, असं लोक बोलत होते, पण अजून तरी तोच होता. मुखरू येताना दिसला. खांद्यावर चार फळ्या, हळदीसारख्या पिवळ्या, ताज्या कापलेल्या टोकांच्या, शिक्का नाही, पास नाही. बिरजूने मान खाली घातली आणि दोर ओढून बांबू वर उचलला.

मुखरू बांबूखाली येऊन थांबला.

"ईचार," तो म्हणाला.

बिरजू दुसरीकडे पाहत राहिला.

"ईचार ना. पास कुठी आहे? शिक्का कुठी आहे? परवा कायदा होता, आज कुठी गेला? माल नवा दिसून राह्यला, पाय." त्याने एक फळी खांद्यावरून काढून टोक त्याच्यापुढे धरलं. "अंगठा घास. भुसा निघतो का पाय."

"जाय ना मिस्त्री," बिरजू पुटपुटला. "जाय. कोनी अडवलं तुले?"

मुखरूने फळी परत खांद्यावर घेतली नाही. त्याने चारही फळ्या रस्त्यावर उतरवल्या, त्यांच्यावर बसला आणि भाकरीचं फडकं सोडलं.

"मी बसलो इथी," तो म्हणाला. "जोवर तू ईचारत नाईस, तोवर मी जात नाई. त्या दिवशी माह्या बापाचंबी नाव ईचारलं होतं. आजबी ईचार. आनि मागून थो ट्रक येऊन राह्यला ना, त्यालेबी ईचार."

ट्रक वळणावर दिसला. ताडपत्री होती, मागे ओंडक्यांची टोकं होती. ड्रायव्हरने लांबूनच हात हलवला. बिरजूचा हात दोरावर होता. त्याने मुखरूकडे पाहिलं, ट्रककडे पाहिलं, आणि दोर हळूहळू सैल सोडला. बांबू खाली आला.

"पास?" तो म्हणाला. आवाज नीट फुटला नाही.

"जोरानं," मुखरू म्हणाला आणि भाकरीचा तुकडा मोडला.